तात्यांच्या कुस्त्या कुठं कुठं झाल्या, अन् त्या मोजायच्या कशा

बाळ, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू लिहिलंयस की आजोबा मागच्या वर्षी गेले, घरात त्यांचा जांघ्यावरचा एक फोटो अन् एक चांदीचं कडं एवढंच राहिलंय, गावातली माणसं म्हणतात "पैलवान होते खरे, पण मोठी कुस्ती कुठं मारली, केसरी कुठं झाले", आणि तुला जाणून घ्यायचंय की सातारा-सांगलीकडं ते नेमके कुठल्या मैदानात लढले आणि खरंच कितपत पैलवान होते. मी तुझ्या आजोबांच्या तालमीत अकरा वर्षं काढली. ते मला थोरले. त्यांच्या अंगाला तेल चोळलंय, त्यांच्या थंडाईचे बदाम वाटलेत, यष्टीच्या टपावर त्यांची वळकटी चढवलीय. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो म्हणून इथंही तात्याच म्हणतो. त्यानंतर चाळीस वर्षं मी स्वतः पोरं घडवतोय, तेव्हा जे सांगतोय ते नुसतं मायेपोटी सांगत नाही, वस्ताद म्हणून सांगतोय.

आधी ते केसरीचं बघू. महाराष्ट्र केसरी 1961 साली औरंगाबादला सुरू झाली आणि पहिला मान आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या दिनकर दह्यारींनी घेतला. आपल्या भागाला मोठ्या पैलवानांची कमी कधीच नव्हती. शिराळ्याकडच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर 1960 ला हिंदकेसरी झाले, कवठेपिरानचे मारुती माने 1964 ला झाले, आणि 1962 च्या जकार्ता एशियाडला हे दोघंही सुवर्णपदक घेऊन आले. एवढी थोर माणसं डोळ्यासमोर असल्यावर गावाला बाकीचे पैलवान बारके दिसतात, त्यात गावाचा दोष नाही. पण केसरी व्हायचं तर कुस्तीगीर परिषदेच्या अधिवेशनाला जायचं, जिल्ह्याची निवड मारायची, अन् केसरी गटात उतरायचं म्हणजे सगळे हत्तीसारखे गडी. तात्यांचं वजन चांगल्या खुराकात सुद्धा ब्याऐंशीच्या वर कधी गेलं नाही. ते जत्रेचे पैलवान होते. दिवाळी झाली की अक्षय तृतीयेपर्यंत मैदानं, त्यातनं मिळेल त्या इनामावर वर्षाचं दूध-तूप अन् घरची चटणी-भाकरी, आणि पावसाळ्यात मेहनत. आपल्याकडं धंदेवाईक पैलवान म्हणजे हाच, आणि असे पैलवान त्या काळी प्रत्येक तालुक्यात होते, पण त्यांची नोंद कुठल्या पुस्तकात नाही कारण यात्रेतल्या कुस्तीच्या निकालाचा कागद ठेवायची पद्धतच नव्हती.

आता मैदानातली कुस्ती काय असते ते सांगतो, कारण तू मॅटवरची बघितली असशील, टीव्हीवर तीन-तीन मिनिटांचे दोन राऊंड अन् पॉइंटचा बोर्ड, तिथं कोण किती पुढं ते लहान पोरालाही कळतं. मातीत तसं नाही. मातीत दोन्ही खांदे एका वेळी जमिनीला टेकले तर चितपट, नाहीतर काही नाही. नंतर नंतर वेळ संपली की गुणावर निकाल द्यायला लागले, पण तात्यांच्या काळात यात्रेत गुण नव्हते. निकाल झाला तर झाला, नाहीतर वीस मिनिटं अर्धा तास झाला की पंच शिट्टी मारणार अन् बरोबरीत सोडवणार. दुसरं म्हणजे वजनाचा काटा नाही. जोड नेमणारे पाच-सहा जाणते म्हातारे मैदानात उभे असतात, ते अंगाकडं बघतात, नाव ऐकतात, मागची कुस्ती कुणाबरोबर काय झाली ते विचारतात अन् हातात हात देतात. ब्याऐंशी किलोच्या माणसाला शंभरचा गडी द्यायला त्यांना काही वाटत नसे, आणि नको म्हणालं की मागच्या गर्दीतनं कुणीतरी ओरडलंच, "घाबरलं ओ!"

हे का सांगतोय तर आपल्याच कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव घे. 1952 ला हेलसिंकीत 57 किलोत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथं वजनगट होता म्हणून त्यांच्या चपळाईला बरोबरीचा माणूस मिळाला आणि जगाला ते दिसलं. मातीच्या मैदानात 57 किलोच्या माणसाला आपण पहिल्या नंबरची कुस्ती दिली असती का, तूच सांग. वजनानं कमी असलेल्या पैलवानाचं मोठेपण मातीत लपून जातं, हे मी आयुष्यभर बघत आलोय आणि माझ्या पोरांच्या बाबतीत आजही बघतो.

आता तात्या कुठं लढले ते. मला पाठ आहे कारण वर्षाचा फेरा ठरलेला होता, फक्त देवांची नावं घेत गेलं तरी मैदानं आठवतात. मार्गशीर्ष लागला की म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, त्या पाठोपाठ पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा. पुसेगावच्या रथाला भाविक नोटांच्या माळा घालतात अन् रथ दिसेनासा होतो, ते तू बघितलंच असशील. तिथं तात्या सलग सात की आठ वर्षं होते. पौषात औंधची यमाई, पौर्णिमेला. औंध म्हणजे सूर्यनमस्कार गावोगाव नेणाऱ्या पंतप्रतिनिधींचं गाव, तिथल्या म्हाताऱ्यांना शरीर कळायचं, त्यांच्यासमोर कुस्ती करताना तात्या जरा जास्तच मनापासून करायचे. त्याच महिन्यात पालीचा खंडोबा, तारळी नदीच्या काठाला भंडाऱ्यानं पिवळं झालेलं गाव अन् त्यात लाल मातीचा फड. चैत्रात आटपाडीकडं खरसुंडीचा नाथ. मग खानापूर, कडेगाव, तासगाव, वाळव्यातल्या बारक्या बारक्या गावांच्या यात्रा, तिथं एका आठवड्यात तीन-तीन मैदानं व्हायची, आज कुस्ती केली की रात्री अंग शेकायचं अन् परवा दुसरीकडं. कुंडलच्या मैदानात त्यांच्या दोन कुस्त्या मी स्वतः बघितल्या. डोंगराच्या उतारावर माणसांची नुसती भिंत, एवढी माणसं श्वास रोखून गप्प बसलेली मी दुसरीकडं कुठं अनुभवली नाहीत.

खानापूर-आटपाडीकडच्या मैदानांत इनाम बरं असायचं त्याचं कारण गलाईवाले. आपल्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला मद्रास, कलकत्ता, दिल्ली, केरळ कुठं कुठं गेलेली, ती यात्रेला हमखास गावी यायची आणि एखाद्याच्या अंगात आलं की भर मैदानात खिशातनं नोटा काढून वर बक्षीस लावायची. तुझ्या घरातलं जे कडं आहे ना, ते मला वाटतं अशाच एका गलाईवाल्यानं हातातलं काढून दिलेलं आहे. आतल्या बाजूला बारीक चीर आहे का बघ. असली तर तेच. ती चीर यष्टीच्या दारात सापडून पडली होती, मी बरोबर होतो.

आणि 1972. त्या वर्षाचं वेगळं सांगायला पाहिजे. दुष्काळ असा की जनावरं छावणीला नाहीतर बाजारात, माणसं बंडिंगवर, म्हणजे बांध घालायच्या कामावर, अन् खडी फोडायला. तात्याही गेले. पैलवान माणूस, दिवसभर घण मारायचा, दुपारी सुकडी खायची, घरी लाल मिलो ज्वारीची भाकरी. दूध नाही, तूप तर डोळ्याला दिसत नव्हतं. तालीम आम्ही बंद ठेवली नाही पण जोर मारायला अंगात काही नसायचं, आमच्या वस्तादांनी सपाट्या निम्म्यावर आणल्या. त्या हंगामात आमच्या भागातल्या बऱ्याच यात्रांत मैदानं झालीच नाहीत आणि जिथं झाली तिथं इनाम म्हणजे नारळ अन् फेटा. तात्या तरी गेले. मी म्हणालो, तात्या, एका फेट्यासाठी एवढं लांब चालत कशाला, अंग झिजतंय. तर म्हणाले, "आरं, देवाचं मैदान रिकामं जाऊ द्यायचं न्हाय, पुढच्या साली बोलावताना त्यांच्या ध्यानात ऱ्हातं." म्हटलं तर व्यवहार, म्हटलं तर श्रद्धा, त्यांच्यात दोन्ही एकच होतं.

आता ती कुस्ती. गावात जी बोलली जाते "तात्याला मारता आली नाही" म्हणून, ती. गावाचं अन् समोरच्या पैलवानाचं नाव घालत नाही, तो माणूसही आता नाही आणि मोठा होता. खानापूर तालुक्यातली यात्रा, 1970 च्या दशकातली शेवटची दोन-तीन वर्षं. हँडबिलावर तात्यांची कुस्ती तीन नंबरला होती, पण दोन नंबरला जो लढणार होता तो आलाच नाही, आणि त्याच्या जोडीचा पैलवान येऊन बसलेला. वजन शंभरच्या पुढं, कोल्हापूरच्या तालमीतला, अंगानं तांबूस, मान अन् डोकं एकच. यात्रा कमिटीची माणसं तात्यांकडं आली अन् म्हणाली, तुम्ही घेता का, नाहीतर मैदान फिकं पडतंय. तात्यांनी वस्तादांकडं बघितलं. वस्ताद काही बोलले नाहीत, नुसतं खाली वाकून चिमूटभर माती उचलून त्यांच्या हातात दिली.

हलगी सुरू झाली, घुमकं घुमायला लागलं. सलामी झाली. पहिली पाच मिनिटं नुसती खडाखडी, तो मानेवर हात टाकायचा अन् सगळं वजन सोडायचा, तात्या तो हात कोपरातनं उचलून बाजूला काढायचे, परत हात, परत काढायचे. मग त्यानं पट काढला, म्हणजे वाकून पाय धरून ओढला. तात्यांनी पाय मागं टाकले पण एवढं वजन अंगावर आल्यावर गुडघे टेकलेच आणि तो पाठीमागं गेला. ताबा त्याचा. तिथनं पुढची अठरा मिनिटं तात्या खाली होते.

बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही बघ. एक माणूस मातीत पालथा अन् दुसरा वर. माझ्या शेजारचा तर म्हणत होता, झोपलाय की ह्यो. पण मी हौद्याच्या, म्हणजे लाल मातीच्या आखाड्याच्या, कडेला होतो, मला सगळं दिसत होतं. तात्यांनी कोपरं बरगडीला घट्ट लावलेली, हनुवटी छातीत, पाय फाकवून टाचा बाहेर. तो घिस्सा ओढायला, म्हणजे खालच्याला उलथवायला, हात आत घालायचा की ज्या बाजूनं उचलायला बघतोय त्याच बाजूला तात्या आपलं वजन सरकवायचे. आधी नाही अन् नंतरही नाही, त्याचा खांदा हलला की त्याच क्षणाला. त्यानं घुटना ठेवला मानेवर. तात्यांच्या तोंडात, नाकात माती गेली, कानाच्या पाळीतनं रक्त आलं. त्यानं एकदा त्यांना अर्धं उलथवलंच, डावा खांदा टेकला, लोक उठले, आणि उजवा खांदा मातीपासनं एवढा, माझ्या चार बोटांएवढा वर. तिथं तात्यांनी मान टेकवून पूल केला आणि फिरून परत पालथे झाले. पूल म्हणजे डोकं अन् टाचा जमिनीला, मधलं सगळं अंग वर, आणि त्या अंगावर शंभर किलोचा माणूस. मी आज पोरांकडनं मानेची मेहनत रोज करून घेतो ती त्या एका क्षणासाठी. असा क्षण बऱ्याच पैलवानांच्या आयुष्यात एकदाच येतो, त्या दिवशी मान तयार असली तर असली.

शेवटी शेवटी वरचा गडी दमला. त्याचा श्वास आम्हाला ऐकू येत होता. तात्या गुडघ्यावर आले, मग एक पाय रोवला, अन् त्याला पाठीवर तसाच घेऊन उभे राहिले. परत तोंडाला तोंड. दिवस मावळत होता, पेट्रोमॅक्स पेटवायला कुणीतरी पळालं, आणि पंचांनी शिट्टी मारली. बरोबरी.

उभे राहिले तेव्हा मी त्यांची पाठ बघितली. कपाळापासनं गुडघ्यापर्यंत पुढची बाजू लालभडक, ओळखू येत नव्हते. पाठीला सुरुवातीला मारलेली माती घामानं धुवून गेलेली, दोन्ही खांद्यांची हाडं स्वच्छ, नुसतं घामानं चमकत होती, अन् डाव्या खांद्यावर तेवढा एक रुपयाएवढा मातीचा ठिपका. वस्तादांनी तो ठिपका आपल्या उपरण्यानं पुसला. त्या मोठ्या पैलवानानं काय केलं सांगू का, त्यानं स्वतःचा फेटा काढून तात्यांच्या डोक्यावर ठेवला. ते उगाच केलं नाही. त्याला कळलं होतं की आज आपण जिंकायची कुस्ती बरोबरीत आणून दिलीय, आणि समोरच्यानं हरायची कुस्ती बरोबरीत नेलीय. गावात उरलं एवढंच की मारता आली नाही. वीस किलोनं जड माणसाखाली अठरा मिनिटं काढून उभं राहणं काय असतं हे ज्यानं कधी हौद्यात पाय ठेवला नाही त्याला सांगूनही कळत नाही, पण तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं.

पडले नाहीत असं नाही. खोटं सांगणार नाही. एकदा कृष्णाकाठच्या एका मैदानात दोन मिनिटांत एकचाक डावावर आसमान बघितलं, नव्या पोरानं मारलं, जेमतेम वीस वर्षांचं. तात्या उठले, त्या पोराचा हात धरून वर केला, अन् कमिटीकडं जाऊन माझ्या इनामातलं निम्मं याला द्या म्हणाले. यष्टीत बसल्यावर मात्र बोलले नाहीत, घर येईपर्यंत खिडकीतनं बाहेर बघत होते. आणि नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली, ती त्यांनी कधीच केली नाही. विचारणारे यायचे. बरोबरीत सोडवू, इनाम वाटून घेऊ, परत पुढच्या यात्रेत हीच जोड लावू. तात्या त्यांना चहा पाजायचे अन् वाटेला लावायचे. असल्या कुस्त्यांनी मातीवरचा लोकांचा विश्वास गेला आणि आपल्या भागातली किती मैदानं त्यानं बसली हे मी डोळ्यानं बघितलंय, म्हणून याला मी त्यांच्या सगळ्या डावांपेक्षा जास्त किंमत देतो.

त्यांचा हातखंडा डाव कुठला म्हणशील तर ढाक, गडी उचलून फेकायचा. अन् तोही डावीकडनं. उजवीकडचा ढाक सगळे ओळखतात, डावीकडनं येणारा कळेपर्यंत माणूस हवेत असतो. हा डाव त्यांनी मला दिला, मी माझ्या दोन पोरांना दिलाय. सध्या माझ्याकडं तीन मुलीही येतात. 2023 ला सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, आपल्या सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं मारली, तेव्हापासनं आई-बाप स्वतः पोरी घेऊन येतात. त्यातली एक डावरी आहे, तिला मागच्या महिन्यापासनं तात्यांचा ढाक दाखवतोय. येऊन बघ कधी.

1980 नंतर गुडघा गेला. उतारावर उतरताना सुद्धा धरायचा. शेवटची दोन-तीन वर्षं ते मैदानात यायचे ते जोड नेमायला, आणि मी बघितलंय, हलक्या पोराला कधी जड गडी देऊ द्यायचे नाहीत. बाकीच्या म्हाताऱ्यांशी त्यावरनं भांडायचे.

आता तुला आणखी शोधायचं असेल तर कसं शोधायचं ते. पेपरात फार काही मिळायचं नाही, पेपरात एक नंबरची कुस्ती अन् आलेले पाहुणे एवढंच छापायचे. यात्रा कमिट्यांच्या वर्गणीच्या वह्या मात्र बऱ्याच गावांत जपून ठेवलेल्या असतात, देवळातल्या लाकडी पेटीत नाहीतर पुजाऱ्याच्या घरी, आणि त्यात जमेच्या बाजूला वर्गणी अन् खर्चाच्या बाजूला कुणाला काय इनाम दिलं ते पैलवानाच्या नावानिशी लिहिलेलं असतं. मी वर जी गावं सांगितली तिथनं सुरुवात कर. साल आठवत नसलं तरी यात्रेची तिथी तीच असते, त्यामुळं वहीत पान लगेच सापडतं. हँडबिलं माझ्याकडं अकरा आहेत, पिवळी पडलीत, घडीवर फाटतील म्हणून मी पोस्टानं पाठवणार नाही, येऊन फोटो काढून घे. हलगीवाल्यांना विचार, त्यांना कुठल्या कुस्तीला किती वेळ वाजवलं ते आठवत असतं. मोठ्या कुस्तीला हात फुटायचे त्यांचे.

अन् एक गोष्ट तुझ्या घरातच आहे. तात्यांना जिंकल्यावर, बरोबरी झाल्यावर, दुष्काळात तर नुसत्या जाण्यावर सुद्धा फेटे बांधलेले. गुलाबी, भगवे, हिरवे, एक मला आठवतो जांभळा होता. तुझी आजी एकदा म्हणाली होती, एवढे फेटे ठेवू कुठं, पेटीत कसर लागतीय. तिनं ते धुऊन गोधड्यांना आतनं लावले. मी तुमच्या घरी वस्तीला राहिलोय, त्या गोधड्या पांघरल्यात. जुनी गोधडी असेल तर कडेचा दोरा जरा उसव. कोल्हापूरच्या त्या पैलवानाचा फेटा केशरी होता, त्याच्या एका टोकाला तात्यांच्या कानाचं रक्त लागलेलं, आजीनं दोनदा धुतलं तरी डाग गेला नव्हता.